मूर्तिपूजा नाही म्हणतात, मग ग्रंथाला रात्री झोपवतात कशासाठी?

फिरता_पंखा
मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण विचारतोच. ऑफिसातला माझा एक मित्र सरदार आहे, त्याने नवीन फ्लॅट घेतला आणि घरी त्यांच्या ग्रंथातल्या सुखमनी साहिबचा पाठ ठेवला होता म्हणून आम्हाला बोलावलं. सासूबाई नेमक्या आमच्याकडे आलेल्या, त्या म्हणाल्या मी पण येते, मला बघायचंय. गेलो तर हॉलमधला सोफा टीव्ही सगळं आतल्या खोलीत ढकललेलं, पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, वर चांदवा बांधलेला. मग ग्रंथ आला, गुरू ग्रंथ साहिब. म्हणजे कोणी काखेत मारून आणला नाही, आला! एक जण अनवाणी, डोक्यावर रुमाल्यांत गुंडाळलेला ग्रंथ, मागे एक जण चवरी ढाळतोय, पुढे एक मुलगा पाणी शिंपडत चाललाय आणि जिन्यात उभे असलेले सगळे वाहेगुरू वाहेगुरू म्हणत बाजूला होतायत. सासूबाई पटकन बायकोच्या कानात, अगं हे तर आपल्या गणपतीसारखंच की! पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातं, मित्राच्या वडिलांनी ऐकलं, हसले आणि म्हणाले, "मूर्ती नहीं जी, गुरू हैं."

नंतर मित्र सांगत होता की गुरुद्वारात रात्री ग्रंथ बंद करून वेगळ्या खोलीत पलंगावर ठेवतात, त्याला सुखासन म्हणतात, पहाटे परत आणून उघडतात ते प्रकाश. उन्हाळ्यात तिथे एसी पण असतो म्हणे. आता मला कोणाच्या भावना वगैरे दुखवायच्या नाहीत, पण शाळेत तर आपण शिकलो की शीख धर्म निर्गुण निराकार, मूर्तिपूजा नाही, कर्मकांड नाही. मग हे काय? वडिलांना विचारायला संकोच वाटला म्हणून इथे विचारतोय. आणि हो, प्रसाद घेताना मी एक हात पुढे केला तर शेजारच्या आजींनी माझा दुसरा हात धरून त्याला जोडला, त्याचंही सांगा कोणीतरी.

सरळ_बोलतो
उत्तर सोपं आहे राव. माणसाला समोर काहीतरी लागतं. दगड नको म्हणाल तर पुस्तक येणार, पुस्तक नको म्हणाल तर फोटो येणार. मी नांदेडला गेलोय, तिथे संध्याकाळी चक्क दिवे घेऊन आरती होते, शस्त्रं दाखवतात. आता याला मूर्तिपूजा नाही म्हणायचं असेल तर नका म्हणू, शब्दाचा फरक आहे.

दखनी_नांदेडकर
सरळभाऊ, एवढं पण सोपं नाही. मी नांदेडचाच, दखनी म्हणजे दख्खनमधला शीख, घरात पंजाबी, शाळा पूर्ण मराठी, त्यामुळे हा प्रश्न मी पाचवीपासून दर वर्षी नव्या वर्गमित्राला समजावतोय 😄

फिरता_पंखा, तुमच्या मित्राच्या वडिलांनी दोन शब्दांत बरोबर सांगितलं. ग्रंथ देव नाही, गुरू आहे. देवाबद्दल आमचा मूलमंत्रच काय म्हणतो बघा, एक ओंकार, अकाल मूरत, अजूनी, सैभं. म्हणजे काळाच्या पलीकडचा, जन्माला न येणारा, स्वतःच स्वतःपासून असलेला. जो जन्मालाच येत नाही तो पुस्तकात तरी कसा मावणार? तेव्हा ग्रंथात देव बसलाय असं कोणीच म्हणत नाही. ग्रंथ गुरू कसा झाला तर दहावे गुरू गोबिंदसिंगजी १७०८ मध्ये आमच्या नांदेडला गोदावरीकाठी निवर्तले, त्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे कोणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू. विषय संपला. नाहीतर गादीवरून भांडणं काय कमी झाली होती का आधी.

आता गुरू म्हटला की दरबार आला. तुम्ही जे पाहिलंत ना, चांदवा, चवरी, उंच आसन, रुमाले, हे देवळातलं नाहीच, हे राजाच्या दरबारातलं आहे. म्हणून तर आम्ही दरबार साहिब म्हणतो, तख्त म्हणतो. त्या काळात चवरी बादशहावर ढाळायचे. आमच्या लोकांनी ती शब्दावर, म्हणजे ग्रंथातल्या पदांवर ढाळली. यात थोडी खोडी पण आहे, दिल्लीच्या तख्तासमोर आपलं तख्त मांडल्यासारखी. अमृतसरला रोज पहाटे अकाल तख्तातून पालखीत ग्रंथ दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात आणतात, रात्री परत नेतात, ते राजाचं जाणं-येणंच आहे की.

आणि याची मर्यादा कुठे संपते तेही लिहून ठेवलंय. १९४५ ची शिरोमणी कमिटीची (गुरुद्वारांचा कारभार बघणारी संस्था) जी सिख रेहत मर्यादा, म्हणजे आचारसंहिता आहे त्यात स्पष्ट आहे की ग्रंथाच्या पलंगाचे पाय चेपायचे नाहीत, मंजीखाली (ग्रंथाच्या आसनाखाली) पाणी ठेवायचं नाही, भिंतीवर चौथऱ्यावर नाक घासायचं नाही, हे सगळं मनमत, म्हणजे मनाला येईल ते. म्हणजे लोक करत होते म्हणूनच लिहावं लागलं ना! सरळभाऊंचा मुद्दा तेवढ्यापुरता मला मान्य, माणूस घसरतोच, आणि ते आमच्यातल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं.

राहिली नांदेडची आरती. हे खरं आहे आणि मी लपवणार नाही. त्याच रेहत मर्यादेत धूप-दिवे लावून आरती करणं गुरमतीत, म्हणजे गुरूंच्या शिकवणीत बसत नाही असं लिहिलंय, आणि हजूर साहिबला (नांदेडच्या आमच्या गुरुद्वारात) दिव्यांची आरती रोज होते. गुरू ग्रंथ साहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही (दहाव्या गुरूंच्या नावचा ग्रंथ) प्रकाश होतो, पंजाबात बहुतेक ठिकाणी होत नाही. गोदावरीचं पाणी गागरीत भरून रोज आणतात आणि आतली जागा धुतात. पंजाबातून पहिल्यांदा आलेले लोक गोंधळतात, काही नाराज पण होतात. आमचं म्हणणं असं की ही हजुरी मर्यादा जुनी आहे, कमिटीचा कागद नंतरचा, आणि आमचं बोर्ड पण वेगळं, १९५६ च्या कायद्याखाली. वाद मिटलेला नाही, मिटेल असं मला वाटतही नाही. पण गंमत अशी की दिवे ओवाळताना जो शब्द गातात तो गुरू नानकांचा, ज्यात ते म्हणतात आकाश हेच ताट, सूर्य-चंद्र हेच दिवे, तारे म्हणजे मोती, तुझी आरती तर चालूच आहे. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं की मग आपण ताट कशाला धरतो. ते म्हणाले, गप बस आणि ऐक.

सरळ_बोलतो
हे राजाच्या दरबाराचं माहीत नव्हतं. पण तरी विचारतो, राजासमोर वाकणं आणि देवासमोर वाकणं, वाकणाऱ्याच्या कमरेला काय फरक पडतो?

माहेर_जालंधर
कमरेला नाही पडत, कानाला पडतो 🙂

माझं माहेर पंजाबचं, लग्न होऊन इकडे आले त्याला खूप वर्षं झाली, मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मूर्तीसमोर आपण बोलतो, मागतो. ग्रंथासमोर मत्था टेकून झाला की बसायचं आणि ऐकायचं. अरदास म्हणजे प्रार्थना झाली की हुकमनामा घेतात, तुम्ही त्या दिवशी बघितला असेल पण लक्ष गेलं नसेल. ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे, रुमाला बाजूला करून ग्रंथ मधूनच कुठूनही उघडतात, ठरवून नाही, आणि डाव्या पानावर अगदी वर जो शब्द असेल तो वाचतात. आता तो शब्द जर मागच्या पानावर सुरू झाला असेल तर पान उलटून मागे जायचं आणि तिथपासून वाचायचं, अर्धवट मधूनच नाही. तो त्या दिवसाचा हुकूम. हुकूम म्हणजे आज्ञाच. आमच्या बीजी रोज सकाळी घरी हुकूम घ्यायच्या आणि मग दिवसभर घरातल्या प्रत्येकाला त्यावरून टोमणे मारायच्या. लोभावर निघाला की बाबांना, निंदेवर निघाला की आम्हा बहिणींना. एकदा अहंकारावर निघाला तर स्वतः गप्प झाल्या आणि संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत, ते माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. एवढा थाटमाट त्या पाच मिनिटांच्या वाचनासाठी असतो, असं मला वाटतं. शब्द वाचायचाच नसेल तर रुमाल्यांना काय अर्थ आहे.

आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही खूप लोक फक्त मत्था टेकतात, नोट ठेवतात, नवीन रुमाला चढवतात आणि शब्द सुरू व्हायच्या आत लंगरकडे सुटतात. रुमाल्यांची कपाटं भरून वाहतायत गुरुद्वारांत. तेव्हा सरळदादा, तुम्ही ज्यांना बघून बोललात ते पण आहेतच.

प्रसादाचं आता. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून, बसून घ्यायचा. तो दान म्हणून मिळतो, आपण उचलून घेत नाही, आणि सगळ्यांना सारखाच. कणीक, तूप, साखर समान वजनाचं, म्हणून हाताला एवढं तूप लागतं, ते पुसायला रुमाल शोधू नका, हाताला चोळून टाकायचं, आमच्याकडे सगळे तेच करतात 😄 वाटण्याआधी कृपाण लावतात त्याला. आजींनी तुमचा हात जोडला म्हणजे तुम्हाला घरचं मानलं, वाईट वाटून घेऊ नका. लंगरमध्ये पण पोळी दोन्ही हात पुढे करूनच घ्यायची, तिला परशादा म्हणतात.

वारी_चुकलेला
इतकं सगळं झालं आणि अजून कोणी नामदेवांचं नाव काढलं नाही, मराठी फोरम आहे ना हा??

त्या ग्रंथात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदि ग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी लिहून काढला, त्यात गुरूंच्या बरोबरीने कबीर विणकर, रविदास चांभार, शेख फरीद मुसलमान सूफी आणि आपला शिंपी. नामदेव पंजाबात घुमानला राहिले अशी परंपरा आहे, २०१५ चं ८८ वं साहित्य संमेलन तिथेच झालं होतं, आठवत असेल. म्हणजे ज्या ग्रंथावर चवरी ढाळताना सासूबाईंनी पाहिलं त्यात विठ्ठल आहे, अक्षरशः, 'बीठल' असा शब्द आहे.

आणि फिरता_पंखा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे. ४८५ व्या अंगावरचं नामदेवांचं पद बघा (ग्रंथाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, एकूण १४३०, दखनी भाऊ चुकलं तर सांगा). त्यात ते म्हणतात, घागर भरून आणली देवाला अंघोळ घालायला, तर पाण्यात आधीच बेचाळीस लाख जीव, तिथे विठ्ठल आधीच आहे, मी काय घालू. फुलं आणली तर भुंग्याने आधी हुंगलेली. खिरीला दूध आणलं तर वासराने आधी उष्टं केलेलं. इकडे विठ्ठल तिकडे विठ्ठल, विठ्ठलाशिवाय जगच नाही. पंढरीच्या माणसाने अभिषेकाबद्दल हे म्हणावं! मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा झटकाच बसला होता, कारण आपल्याकडच्या गाथेतले नामदेव रडवे, लाडिक, देवाशी भांडणारे, आणि हा पंजाबातला नामदेव एकदम कोरडा ठणठणीत. दोघे एकच का वेगळे यावर अभ्यासकांनी कागद काळे केलेत, त्यात मी पडत नाही.

तर जे पद सांगतं की वस्तूंची पूजा कशाला, तेच पद रेशमी रुमाल्यात, चवरीखाली. हा विरोधाभास आहेच. पण मला तो आवडतो बुवा.

दखनी_नांदेडकर
अंग १४३०, बरोबर. आणि एक राहिलं, जुना जीर्ण झालेला ग्रंथ रद्दीत जात नाही की पाण्यात सोडत नाही, त्याचा अग्निसंस्कार करतात, अगन भेट म्हणतात. माणसासारखाच. एसीचं पण तसंच बघा, घरात वडीलधारा माणूस असेल तर पंखा त्याच्याकडे फिरवतो ना आपण. कागदाला उकडत नाही हे आम्हालाही कळतं हो.

सरळ_बोलतो
पंख्याचं उदाहरण चांगलं दिलंत. मूर्तिपूजा म्हणायचं मागे घेतो, अर्धं. आरतीबद्दल अजून माझं मत तेच.

दखनी_नांदेडकर
अर्धं पण खूप झालं. पुढच्या वेळी नांदेडला आलात की कळवा, आरतीनंतर लंगरला बसू, तिथे भांडायला वेळच मिळत नाही, वाढणारे वाढतच राहतात.

फिरता_पंखा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल धीर करून मित्राला विचारलं की त्या दिवशी हुकूम काय निघाला होता, तर पठ्ठ्याने लगेच फोटो पाठवला, त्याच्या वडिलांनी वहीत उतरवून ठेवलेला. सगळं गुरमुखीत, मला ढिम्म कळेना. सासूबाईंना नामदेवांचं वाचून दाखवलं तेव्हापासून त्या मागे लागल्यात की मला ते बीठलचं पद माझ्या डोळ्यांनी वाचायचंय, देवनागरीत मिळतं का?

माहेर_जालंधर
मिळतं ना, अख्खा ग्रंथ देवनागरीत ॲपवर आहे, वर ४८५ टाका की ते पद समोर. फक्त त्यांना सांगा की शब्दाच्या शेवटी जी ऱ्हस्व इ किंवा उ दिसेल ती सहसा उच्चारायची नाही, ती व्याकरणासाठी असते. लिहिलेलं असतं बीठलु, वाचायचं बीठल. लिहिलेलं सति नामु, वाचायचं सत नाम. आमच्या बीजी एवढ्या एका उ साठी पुढे वाचू द्यायच्या नाहीत.