कॉकर स्पॅनियल नक्की कुठला?

प्रश्न: कॉकर स्पॅनियल कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय. दोन ब्रीडर्सनी पेडिग्रीचे (वंशावळीचे) कागद दाखवले, दोन्हींवर नुसतं 'कॉकर स्पॅनियल'. पण एकाच्या आईबापांचं डोकं घुमटासारखं, नाक आखूड, पोटाखाली जमिनीला टेकणारी केसांची झालर. दुसऱ्यांचं तोंड लांबट, अंगकाठी थोराड. फसवतंय कोण?

उत्तर: कोणीच नाही. कागद कुठल्या देशाच्या केनेल क्लबचे (कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) आहेत ते आधी बघा. अमेरिकेत नुसतं 'कॉकर' म्हणजे अमेरिकन कॉकर, ब्रिटनमध्ये तेच नाव इंग्लिश कॉकरचं. अमेरिकन केनेल क्लबने १९४६ साली इंग्लिश कॉकरला वेगळी जात मानलं. नावाचा नाद सोडा आणि एफसीआयचा (केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) जातीचा क्रमांक विचारा: इंग्लिश ५, अमेरिकन १६७. आणि झालर रोज विंचरायचा कंटाळा असेल, तर इंग्लिशच घ्या बुवा!

आणखी एक जण: अकिता कुत्र्याचंही हेच. एफसीआयच्या यादीत जपानी अकिता २५५, अमेरिकन अकिता ३४४. अमेरिकन अकिता चांगलाच दांडगा, जपानी त्यामानाने सडपातळ. नुसत्या 'अकिता'वर विसंबून आगाऊ रक्कम देऊ नका.

तिसरा जण: आमचे आजोबा जर्मन शेफर्डला शेवटपर्यंत 'अल्सेशियन'च म्हणायचे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन नाव कोणाला नको होतं, म्हणून हे बारसं. १९७७ मध्ये तिथल्या केनेल क्लबने 'जर्मन शेफर्ड' परत आणलं. कुत्रा तोच हो. ग्रेट डेनही जर्मनच, डेन्मार्कचा नव्हे.

प्रश्नकर्ता: क्रमांक विचारला. झालरवाला १६७ निघाला. दुसऱ्याकडे उद्या जातोय.