मदत हवी आहे: कार्यशाळेत सुचवलेला बदल स्पर्धेच्या कथेत चालतो का?

१३ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी मी कथालेखनाची कार्यशाळा घेते. तीत एका मुलीच्या कथेचा शेवट, ज्यात रुसून गेलेली बहीण घरी परतते, गटातील चर्चेनंतर तिने बदलला. आता कथा दाराची कडी काढण्यापाशीच थांबते आणि खरोखर सरस झाली आहे. वाक्ये सर्व तिचीच आहेत. ही कथा तिला स्पर्धेसाठी पाठवायची असून जुना शेवट तिला मान्य नाही, आणि तो तिच्यावर लादणे मलाही पटत नाही. नियमांत ‘लेखन स्वतःचे व अप्रकाशित असावे’ एवढेच म्हटले आहे. आयोजकांना लिहूनही उत्तर आलेले नाही आणि मुदत जवळ आली आहे. पालकांची संमती घेतलेली आहे. परीक्षणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: अशी सूचना बाहेरची मदत ठरते का, आणि प्रवेशिकेसोबत तिचा उल्लेख करावा का?