इन्व्हर्टरवर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) गुरगुरतो
प्रश्न: नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून कॅबिनेटमधून बारीक गूंऽऽ येतंय. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की आवाज फारच वाढतो. काही जळेल का?

उत्तर: गेममध्ये एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) ६० वर बांधून बघा. आवाज उतरला तर कॉइल व्हाइन, म्हणजे तारेच्या कॉइल थरथरून येणारा आवाज; त्याने सहसा काही बिघडत नाही. कान जवळ नेऊन ऐका, बऱ्याचदा तो कार्डाचाच असतो.

दुसरं उत्तर: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा आहे का? ॲक्टिव्ह पीएफसी (वीज खेचणं लाइटच्या लहरीशी जुळवणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला ती वेव्ह मानवत नाही. प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर घ्याच. आणि कृपा करून एसएमपीएस उघडू नका! प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरू शकतो.

प्रश्नकर्ता: एफपीएस बांधल्यावर आवाज गेला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचाच निघाला. साइन वेव्हचा घेईपर्यंत लाइट गेली की पीसी बंद ठेवतो. मनापासून आभार.