मिश्रणात 3 टक्के ब्लू डस्ट घातली, सीएसआर 64 वरून 45 वर. दोष कोकचा की चाचणीचा?

कोकलॅब_सावंतवाडी

नमस्कार मंडळी. कोक ओव्हनच्या (हवेशिवाय कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांच्या) लॅबमध्ये केमिस्ट आहे, कारखान्याचं नाव विचारू नका. आमच्याकडे गोव्याच्या खाणीतली ब्लू डस्ट, म्हणजे हेमाटाइट या लोहखनिजाची भुकटी, पडून आहे, तीच ती हातात घेतली की टाल्कम पावडरीसारखी निसटणारी. साहेबांनी कुठेतरी वाचलं की जपानी लोक कोळशात लोहखनिज मिसळून कोक करतात आणि मग लोखंडाच्या भट्टीत (ब्लास्ट फर्नेसमध्ये) कोक कमी लागतो. मग काय, बॉक्स टेस्ट. पत्र्याच्या डब्यात नेहमीचं कोळशाचं मिश्रण अधिक 3 टक्के ब्लू डस्ट भरली आणि डबा कोल केकसोबत (ठोकून घट्ट केलेल्या कोळशासोबत) ओव्हनमध्ये सारला. मग चाचणी: सीआरआय म्हणजे गरम कार्बन डायऑक्साइडमध्ये कोकचं किती टक्के वजन घटलं, सीएसआर म्हणजे त्यानंतर ड्रममध्ये फिरवून किती टक्के कोक शाबूत राहिला.

नेहमीचा कोक: सीआरआय 24, सीएसआर 64.
ब्लू डस्टवाला: सीआरआय 38, सीएसआर 45.

ब्लास्ट फर्नेसवाल्यांनी आकडे बघून फोनच ठेवला. 3 टक्क्यांनी एवढा फरक कसा पडतो? आणि असा कोक जपानी लोक मुद्दाम कसा काय करतात?

धातुशास्त्र_नागपूर

3 टक्के कमी वाटतात, पण लोखंड इथे उत्प्रेरकाचं काम करतं. ओव्हनमध्ये हेमाटाइटचं बरंचसं धातुरूप लोखंड होऊन बारीक कणांनी कोकभर पसरतं. चाचणीत कार्बन डायऑक्साइड आला की लोखंड त्याचा ऑक्सिजन घेऊन वुस्टाइट (लोखंडाचा ऑक्साइड) होतं, शेजारचा कार्बन तोच ऑक्सिजन ओढून कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो, लोखंड पुन्हा मोकळं. एकच कण हे पुन्हा पुन्हा करतो. तुमची ब्लू डस्ट मुळातच बारीक, म्हणून परिणाम जास्त.

बॅटरी_नं_7 (भिलाई, निवृत्त)

नागपूरकरांनी रसायन बरोबर सांगितलं. मी 31 वर्षं कोक ओव्हनमध्ये काढली, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमचे आकडे. सीआरआय 14 नी वाढला, सीएसआर 19 नी पडला. साध्या कोकचे हे दोन आकडे आलेखावर मांडले तर जवळपास सरळ रेष येते, सीआरआय 1 ने वाढला की सीएसआर सव्वाच्या आसपास उतरतो. म्हणजे 14 ला साडेसतरा-अठरा. उरलेला एखादा पॉइंट चाचणीच्या फरकातही जातो. तेव्हा तुमचा सीएसआर पडला तो मुख्यतः 2 तासांत कार्बन जास्त निघून गेला म्हणून.

आता चाचणी काय करते बघा. 200 ग्रॅम कोक, 1100 अंश, 2 तास कार्बन डायऑक्साइड, मग ड्रममध्ये 600 फेरे आणि 10 मिलिमीटरच्या वर किती उरलं ते मोजायचं. वेळ ठरलेली, गॅस पाहिजे तेवढा. ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीत असं नसतं बाबा! तिथे कोकचा किती कार्बन असा खाल्ला जाणार ते खनिजातून निघणाऱ्या ऑक्सिजनवर आणि उष्णतेच्या हिशेबावर ठरतं, ढोबळमानाने पाव हिस्सा. कोक चपळ, म्हणजे लवकर प्रतिक्रिया देणारा, आहे म्हणून गॅसमध्ये जादा ऑक्सिजन कुठून येणार? चपळ कोक तेवढाच कार्बन देतो, फक्त आधी आणि वर, कमी तापमानाला.

जपान्यांचा डाव नेमका इथे आहे. भट्टीच्या मधल्या उंचीवर साधारण 1000 अंशांचा एक पट्टा असतो, तिथे गॅस आणि माल यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. कोक कुठल्या तापमानाला जोरात प्रतिक्रिया देऊ लागतो, त्यावर ह्या पट्ट्याचं तापमान ठरतं. ते तापमान खाली आलं की वुस्टाइटचं लोखंड करताना गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड जास्त पूर्णपणे वापरला जातो. कोकची बचत ती ही.

पण हे साहेबांना सांगायच्या आधी पुढचं वाचा. ते हा माल तुमच्या-माझ्यासारख्या ओव्हनमध्ये करत नाहीत. जेएफई या जपानी पोलाद कंपनीने फुकुयामाला दिवसाला 300 टनांचा जो फेरोकोकचा (लोखंडवाल्या कोकचा) प्लांट 2020 मध्ये उभा केला, त्यात कोळसा आणि खनिज दाबून आधी वड्या पाडतात आणि उभ्या शाफ्टमध्ये भाजतात. वड्या का? कारण खनिज कोळशाची फ्लुइडिटी, म्हणजे तापल्यावरचा पातळपणा, मारतं. 400-500 अंशांना कोळसा मऊ होऊन कण एकमेकांना चिकटायचे, तिथेच खनिजाचा ऑक्सिजन मधे कडमडतो. गार कोकची ताकद तिथेच जाते, आणि ते सीएसआरमध्ये नीट दिसतही नाही. मायकम (गार कोकच्या ताकदीची ड्रम चाचणी) केलंत का?

दुसरं, ओव्हनच्या भिंतीच्या सिलिका विटा. लोखंडाचा ऑक्साइड आणि सिलिका एकत्र आले की फायालाइट हे खनिज होतं, ते 1205 अंशांना वितळतं. आमच्या फ्ल्यू (भिंतीतल्या गॅस जाळायच्या वाटा) 1250 च्या पुढे चालायच्या. डब्यातल्या थोड्याशा ब्लू डस्टने काही होत नाही, रोजच्या चार्जिंगमध्ये मात्र भिंतीची वाट लागेल. एकदा भिंत खडबडीत झाली की पुशर (कोक बाहेर ढकलणारं यंत्र) अडकतो, आणि अडकलेला ओव्हन रात्री 3 वाजता हाताने उपसायला लागला की कसली कोकबचत आठवत नाही. हे मी स्वतः केलंय. कारण वेगळं होतं, घाम तोच.

कपोला_कोल्हापूर

आमचं नेमकं उलटं. कपोलात, म्हणजे फाउंड्रीत लोखंड वितळवायच्या भट्टीत, कोक चपळ असला की वर जाणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा कार्बन खातो, उष्णता शोषतो आणि धातू गार उतरतो. म्हणून आम्ही मोठा, सुस्त कोक शोधतो. असला लोखंडवाला कोक फाउंड्रीवाल्यांच्या गळ्यात मारू नका म्हणजे झालं!

कोकलॅब_सावंतवाडी

काका, मायकमला 50 किलो कोक लागतो, डब्यातून तेवढा निघत नाही. चार-पाच डबे जमवून करतो. पण मग सीएसआर कसा दाखवू? साहेबांना एकच आकडा लागतो.

बॅटरी_नं_7

एक आकडा द्यायचाच तर असा काढा. दोन्ही कोकवर प्रतिक्रिया चालू ठेवा आणि दोघांचंही वजन 20 टक्के घटलं की थांबवा, कितीही वेळ लागो. मग ड्रम. तेव्हा समान झिजलेल्या कोकची तुलना होईल.

एक खोच सांभाळा. तुमच्या कोकमधलं धातुरूप लोखंड कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन घेतं आणि वजन थोडं वाढवतं. म्हणजे तुमच्या 38 मध्ये कार्बनची घट आहे त्याहून थोडी कमी दिसतेय. थांबण्याचा क्षण वजनावरून न ठरवता निघणाऱ्या गॅसच्या विश्लेषणावरून ठरवलात तर उत्तम.

फर्नेसवाल्यांना सांगा, असा कोक केलाच तर तो बारीक ठेवून खनिजाच्या थरात मिसळायचा. त्याने आधी मरायचं आणि कोकच्या थरातला मोठा कोक वाचवायचा. मोठ्या कोकचा सीएसआर 64 च राहू दे, त्याला हात लावू नका.

कोकलॅब_सावंतवाडी

गॅस अ‍ॅनालायझर लॅबमध्ये आहे, पण त्याचा पंप गणपतीपासून बंद आहे. तो दुरुस्त होईपर्यंत ब्लू डस्टचं पोतं टेबलाखाली.