व्हीएममधला कर्नल होल्डवर टाकू नका, आधी हेडर्स बघा

टर्मिनलवाली (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात एका मित्राचा सकाळी सातला फोन. तो हिशेबाची कामं करतो. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) चं व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, रात्री आपोआप अपडेट होऊन रीबूट झालं आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमवरचा सगळा डेटा गायब. फोल्डर जागेवर, आत काही नाही. कोणीतरी त्याला सांगूनही मोकळं झालं होतं, "कर्नल होल्ड करून टाक, कटकटच मिटेल." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, होल्ड म्हणजे अपडेटमध्ये तो बदलूच न देणं.

चालू कर्नलची आवृत्ती सांगणारं यूनेम -आर चालवायला सांगितलं. कर्नल नवा होता. मग झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) चढवायला मॉडप्रोब झेडएफएस. उत्तर आलं, या कर्नलसाठी असं मॉड्यूलच नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधून देणाऱ्या डीकेएमएसच्या स्टेटसमध्ये झेडएफएस फक्त जुन्या कर्नलसाठी बांधलेलं दिसत होतं. म्हणजे डेटा होता तिथेच होता, तो उघडणारं मॉड्यूल नव्हतं.

मूळ चूक सेटअपच्या दिवशीची. लिनक्स-हेडर्सच्या पुढे यूनेम -आरचं उत्तर जोडणारी जी ओळ सगळीकडे सापडते, ती त्याने जशीच्या तशी चिकटवली होती. तिने फक्त त्या दिवशीच्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली, येतात. कर्नल मात्र लिनक्स-इमेज-एएमडी६४ या मेटा पॅकेजच्या (नेहमी ताजी आवृत्ती ओढून आणणाऱ्या पॅकेजच्या) जोरावर पुढे जात राहतो. हेडर्स नाहीत म्हणून मॉड्यूल बांधलं नाही, असं डीकेएमएस लिहितोसुद्धा, पण रात्रीच्या अपडेटचा लॉग कोण उघडतं? लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाकलं, डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल केलं, झेडपूल इम्पोर्ट केलं. डेटा परत.

होल्डने यातलं काहीच सुधारलं नसतं. शिवाय २०२२ चं डर्टी पाइप आठवा. ५.८ पासूनच्या कर्नलवर साध्या यूजरला फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलीत लिहिता येत होतं, तिथून रूटही मिळवता येत होतं. तेव्हा होल्डवर बसलेल्या मशीनचं ते भोक उघडंच राहिलं. माझं मत स्पष्ट आहे: होल्ड बंद करा.

लॅबवालेसर

ताई, निदान बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. माझ्याकडे ४० व्हीएम आहेत आणि प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर. आम्ही बॅकपोर्ट्सचा, म्हणजे डेबियनच्या नेहमीच्यापेक्षा नवा, कर्नल घेतला होता. हेडर्स होते, मेटा पॅकेजही होतं. तरी झेडएफएस बांधलं गेलं नाही, कारण कर्नल पुढे गेला आणि आमच्याकडच्या झेडएफएसच्या आवृत्तीला तो चालत नव्हता. झेडएफएस कर्नलच्या मूळ झाडात नाही, परवान्यामुळे बाहेर आहे, त्यामुळे हे पुन्हा होणारच. अशा वेळी एपीटी-मार्क होल्ड नाही करायचा तर काय करायचं? परीक्षेच्या सकाळी चाळीस पोरं रिकाम्या स्क्रीनसमोर बसवू?

रात्रपाळी

मला दोघांचंही पटत नाही. व्हीएम आहे ना? अपडेटआधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. बिघडलं की मागे जा. एवढा तपास खऱ्या लोखंडी सर्व्हरवर करायचा.

टर्मिनलवाली

रात्रपाळी, स्नॅपशॉट मी पण घेते. पण याच मित्राचं बघा. रीबूट रात्री, डेटा नाही हे कळलं सकाळी. तेवढ्यात कळलं म्हणून ठीक. दुपारी कळलं असतं तर मधल्या तासांत डेटाबेसमध्ये चढलेली बिलं स्नॅपशॉटसोबत पुसली गेली असती. त्याऐवजी ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या मेन्यूत) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा. फक्त कर्नल मागे जातो, डेटाला हात लागत नाही. डेबियन आधीचा कर्नल ठेवतोच.

सर, बॅकपोर्ट्सचा मुद्दा खरा आहे, तो मी लिहायला हवा होता. पण मग लॅबला बॅकपोर्ट्सचा कर्नल हवाच कशाला? डेबियन १२ चा ६.१ घ्या. त्याला सुरक्षेचे पॅच येतात आणि झेडएफएसशी त्याचं जमतं.

कोकणकडा

जुना कर्नल ठेवतो हे खरं, पण बूटमध्ये जागा हवी. माझ्या व्हीएमवर बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं. ते भरलं, इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या मॉड्यूल्सचा गठ्ठा) अर्धवट लिहिला गेला आणि त्यानंतर प्रत्येक एपीटी तिथेच अडकायला लागलं. जुने कर्नल काढून डीपीकेजी --कॉन्फिगर -ए केलं तेव्हा सुटलं.

जागा वाचवायला म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये मॉड्यूल्स 'डेप' (फक्त याच मशीनला लागणारी) करण्याआधी विचार करा. मी केलं होतं. नंतर तेच व्हीएम व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर नेलं. केव्हीएमची आभासी डिस्क ओळखणारं व्हर्टआयओचं मॉड्यूल आत नव्हतं, त्यामुळे डिस्क दिसेना आणि बूट इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकलं. 'मोस्ट' (बहुतेक सगळी मॉड्यूल्स) ठेवलं असतं तर हलवाहलव निभावली असती.

लॅबवालेसर

६.१ का नाही, याचं उत्तर: नव्या कर्नलवरचा एक प्रयोग अभ्यासक्रमात आहे. त्यामुळे परीक्षा होईपर्यंत होल्ड राहणार, यावर मी ठाम आहे. लॅबचं नेटवर्क बाहेरून बंद आहे, तेवढी जोखीम घेतो.

पण तुमचं वाचून आत्ता मूळ इमेज उघडली. तीत हेडर्सचं मेटा पॅकेज नाही, एकाच आकड्याचे हेडर्स आहेत. मला वाटत होतं ते टाकलेलं आहे. म्हणजे होल्ड काढला असता तर झेडएफएसची आवृत्ती जुळूनही आम्ही अडकलोच असतो. आज संध्याकाळी इमेज दुरुस्त करतो. शेवटचा पेपर झाला की होल्ड काढून एका व्हीएमवर आधी बघेन, मग बाकी ३९.