नवरा-बायको दोघांना एकाच ग्रुपवर टूर मॅनेजर म्हणून काम मिळेल का? मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही दोघं साताऱ्याचे, दोघंही टूर मॅनेजर पण कंपन्या वेगळ्या, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री-गंगोत्री उघडलं की दिवाळीपर्यंत भेट म्हणजे फोनवरच. आता एकाच ग्रुपवर जायचंय. पुण्यात काही ठिकाणी विचारलं, म्हणतात एका बसला एकच मॅनेजर परवडतो. अहो पण केदारनाथला काहीजण वर चढतात, गुडघेदुखीवाले खाली सोनप्रयागला थांबतात, तिथं दोन माणसं लागतातच ना! हिंदी-इंग्रजी येतं, पासपोर्ट आहेत, एकच रूम चालेल, पगारात थोडं कमी-जास्तही चालेल पण दोघांत मिळून एक पगार नको. स्वतःचा व्यवसाय एवढ्यात नाही. कुणी जोडीनं असं काम करतंय का, आणि करार दोघांचा वेगवेगळा करून घेतलात की एकच?