मदत हवी आहे: थ्रॉटल सोडला की गाडीचा वेग धपकन उतरतो

नमस्कार मंडळी, आम्ही मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची मिळून नऊ जणांची टीम, शेल इको-मॅरेथॉनच्या प्रोटोटाइप गटासाठी बॅटरीवरची तीनचाकी बनवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात पहिलं कोण येतं ते बघत नाहीत, ठरलेल्या वेळेत लॅप पूर्ण करायचे आणि गाडीतल्या जूलमीटरवरून (वापरलेली वीज मोजणारं यंत्र) विजेच्या एका युनिटमध्ये (१ kWh) किती किमी गेलात ते काढतात.

गाडी ५२ किलो, ड्रायव्हर ५३. पुढे दोन चाकं, मागे एक, मागच्यात डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर (चाकातच बसवलेली, मधे गिअर नाही, त्यामुळे चाकाबरोबर कायम फिरणारी), ४८ व्होल्ट. कागदावर टायर आणि हवा मिळून ५ न्यूटन विरोध धरला होता, एफिशियन्सी ७० टक्के, म्हणजे ५०० किमीच्या आसपास यायला हवे होते. आले १६५! दोनदा मोजलं, तेच. आमची आयडिया अशी की ताशी २८ किमीच्या स्पीडला न्यायची, थ्रॉटल सोडायचा, २० वर आली की परत ओढायची, पण थ्रॉटल सोडला की गाडी जातच नाही, २५ वरून १५ वर यायला जेमतेम २४ सेकंद, सपाट रस्ता, दोन्ही दिशांनी मोजलंय. बॉडीवाले म्हणतात मोटर, मोटरवाले म्हणतात बॉडी, आणि मी मधे. आता बॉडी कार्बन फायबरमध्ये नव्याने करून ६ किलो कमी करायचं चाललंय. करावं का?

प्रतिसाद १
बॉडीला हात लावू नका. ६ किलो कमी करून पाव न्यूटनसुद्धा वाचणार नाही. तुमचं उत्तर तुमच्याच २४ सेकंदांत आहे, १०५ किलो वस्तुमान, वेगातला फरक २.७८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे विरोध १२ न्यूटनच्या वर गेला. ५ धरलेत, १२ लागतोय, मग किमी कसे येणार. आधी कंट्रोलरमधलं रीजन (मोटरनेच ब्रेक लावून वीज परत बॅटरीत भरणं) चालू राहिलंय का बघा, मग कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या तिन्ही फेज वायरी सोडवून चाक हाताने फिरवा. एकदम मोकळं झालं तर दोष कंट्रोलरकडे, तसंच जड राहिलं तर मोटरच. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये करंट बंद असला तरी चुंबकं स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडासमोरून फिरतच राहतात, तो लॉस तुम्ही कोस्टिंगभर, म्हणजे थ्रॉटल सोडून गाडी नुसती धावत असते तेव्हा, भरताय.

प्रतिसाद २
आणि पुढच्या चाकांचा टो, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत का, ते बघितलात का? ड्रायव्हर आत बसवूनच मोजा हं, रिकाम्या गाडीत सगळं सरळच दिसतं. दोन्ही टायरमधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला दोऱ्याने मोजायचं, पाच मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही. ब्रेक पॅडही घासतायत का बघा.

धागाकर्ता
अपडेट! रीजन बंदच होतं. फेज वायरी काढल्या, काही फरक नाही. मग मागे साधं चाक लावून गाडी ढकलली आणि २५ वरून १५ ला ४१ सेकंद लागले, मोटरवाले गप्प 😅 दोरा लावला तर टो-आउट (चाकं पुढच्या बाजूला बाहेर वळलेली) १२ मिमी निघाला, लाज वाटली खरंच. तो सरळ केला, एक ब्रेक पॅड हलकासा घासत होता तोही सोडवला, आता ५० सेकंद. म्हणजे ५.८ न्यूटन ना? मग हब मोटर काढून चेन आणि फ्रीव्हील (सायकलसारखं, एकाच दिशेने जोर देणारं) टाकू का, चेनमध्ये परत लॉस नाही का?

प्रतिसाद १
बरोबर, ५.८. चेनचा लॉस फक्त ओढताना, तोही चेन नीट रेषेत असेल तर थोडाच, मोटरचा ड्रॅग मात्र पूर्ण लॅपभर. टाका. आणि ओढताना करंट आवरा, दुप्पट करंटला वायरी आणि वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते.

धागाकर्ता
फ्रीव्हील मोटरच्या शाफ्टवर बसवू का? तिथे मशिनिंग सोपं आहे.

प्रतिसाद २
चाकावर बसवा. शाफ्टवर बसवलंत तर कोस्टिंगला चेन फुकट फिरत राहील.